राउटर घेण्याआधी

मिरज,
१८ जानेवारी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळच्या ऑनलाइन तासांत नेट सारखं तुटतं म्हणून वैतागून काल रात्री फोनवर म्हणालीस, "आई, आता सरळ महागातला राउटर घेऊन टाकते, विषय संपला." आवाज दमलेला होता तुझा, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण मनातून ते जाईना, म्हणून सकाळी चहा झाल्या झाल्या लिहायला बसले. राउटर घ्यायला माझी ना नाही. फक्त बिघाड कुठे आहे ते कळल्याशिवाय घेऊ नकोस.

तुझ्याकडे होते तेव्हा बोलताना अडखळणाऱ्या मुलांच्या तुझ्या ऑनलाइन तासाला तो सात वर्षांचा मुलगा होता, आठवतोय? 'पतंग' म्हणत होता. 'प'वर अडखळला, तू मान हलवून धीर दिलास, शब्द सुटला आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. दहा-बारा सेकंदांनी लाइन परत आली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याला वाटलं, आपणच अडकलो आणि ताई वाट बघत थांबल्यात. मी मागे भाजी निवडत होते, मला सगळं दिसलं. बोलायला अडखळणाऱ्या मुलाच्या तासात लाइन तुटणं हे सिनेमा मध्येच थांबण्यासारखं नाही. म्हणून हे नीट निस्तरायला हवं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये १९८ या तक्रारीच्या नंबरावर फोन आला की आम्ही टेस्ट डेस्कवर, म्हणजे लाइन तपासायच्या टेबलावर, काय करायचो ते तू लहानपणी माझ्याशेजारी स्टुलावर बसून बघितलं आहेस. एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या तारा एक्स्चेंजला जोडल्या जातात त्या चौकटीवर, लाइन मधोमध तोडायची. एक्स्चेंजच्या बाजूला टोन आहे का ऐकायचा, मग बाहेरच्या पेअरवर, म्हणजे घरी जाणाऱ्या तारांच्या जोडीवर, मीटर लावायचा. टोन इथे आहे आणि बाहेर लूप, म्हणजे तारेचं पूर्ण वर्तुळ, मिळत नाही, तर लाइनमनला डीपीवर, खांबावरच्या जोडपेटीकडे, पाठवायचं. इथेच टोन नसेल, तर भर पावसात त्याला खांबावर चढवून काय उपयोग? फॉल्ट आतला की बाहेरचा हे आधी, दुरुस्ती नंतर. तांब्याची तार जाऊन काचेची आली, तरी हे काही बदललेलं नाही.

तुझ्या घरी बाहेरचा एक दोष निघाला, तो आपण दोघींनी मिळूनच पकडला. फायबर कंपनीच्या बॉक्सच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा उणे २८.९ डीबीएम होता (हे प्रकाशाच्या जोराचं माप, उणे जितकं जास्त तितका प्रकाश मंद). अशा बॉक्सला साधारण उणे २७ पर्यंतचाच प्रकाश धड वाचता येतो, त्यापलीकडे तो चाचपडतो. टीव्हीच्या कपाटामागे फायबर पेन्सिलीएवढ्या वळणात दाबली गेली होती. काचेची तार अशी मुडपली की वळणावर प्रकाश बाहेर गळतो. आणि खाली येणारा १४९० नॅनोमीटरचा प्रकाश वर जाणाऱ्या १३१० पेक्षा जास्त गळतो, त्यामुळे तक्रार तुला जाणवते आणि कंपनीकडे सगळं ठीक दिसू शकतं. तीनदा "आमच्याकडून लाइन ओके आहे" ऐकलंस ना, ते कदाचित यामुळेच. चौथ्या वेळी जो मुलगा आला तो मात्र मन लावून काम करणारा होता. त्याने फायबरचं हिरवं टोक कापून नवं बसवलं, तार मोठ्या वेटोळ्यात फिरवली आणि आकडा उणे २१.४ वर आला. साडेसात डीबी म्हणजे प्रकाश पाचपटीहून जास्त वाढला. आता तो आकडा महिन्यातून एकदा बघत जा. आणि ते हिरवं टोक स्वतः उपसू नकोस, त्याच्या तोंडाशी डोळा तर कधीच नेऊ नकोस. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

तरीही संध्याकाळी लाइन तुटतेच म्हणतेस. म्हणजे दुसरा फॉल्ट आहे आणि तो बहुतेक घरात आहे. बहुतेक म्हणतेय, कारण अजून मोजलेलं नाही.

मोजायचं असं. लॅपटॉप वायफायवर नको, लॅनच्या तारेने बॉक्सला जोड. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिहिलंस की 'डिफॉल्ट गेटवे'समोर बॉक्सचा पत्ता दिसेल, बहुधा १९२.१६८.१.१ असा काहीतरी. आता अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड. एकीत त्या पत्त्याला पिंग लाव (म्हणजे हाक मारून उत्तर येतंय का बघायचं), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. दोन्हींच्या शेवटी स्पेस देऊन उणे टी लिही, म्हणजे ते थांबणार नाही. संध्याकाळचे तास तसेच तारेवर घे. लाइन तुटली की फक्त बघ, कुठली खिडकी बोलायची थांबली. बॉक्स उत्तर देतोय आणि गूगल गप्प, तर दोष बॉक्सच्या पलीकडे. दोन्ही गप्प, तर बॉक्सच अडकतोय किंवा बंद पडून चालू होतोय. आणि तारेवर काहीच तुटलं नाही, पण वायफायवर आलीस की तुटतं, तर दोष वायफायचा. नवा राउटर या शेवटच्या दोषावर औषध आहे, मधल्यावर कधीकधी, पहिल्यावर अजिबात नाही.

मधल्या दोषासाठी एक खूण सांगते, ती कोणी सांगत नाही. बॉक्सच्या पानावर 'अपटाइम' असतो, म्हणजे बॉक्स चालू होऊन किती वेळ झाला तो आकडा. लाइन तुटल्यावर तो शून्यापासून मोजायला लागला असेल, तर बॉक्स बंद पडून पुन्हा चालू झाला होता, बहुतेक वीज गेल्याने. मग आधी अडॅप्टर बघ. तुझा हाताला चांगलाच गरम लागत होता आणि त्याची पिन सैल आहे, मी हलवून बघितली होती. अडॅप्टर म्हातारा झाला की वायफायचा भार वाढताच मान टाकतो. नवा आणताना व्होल्ट तेवढेच हवेत, तुझ्यावर १२ लिहिलंय. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. दोनेकशे रुपयांचं काम आहे हे. गुरुवारी लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टर चालू होतानाच बॉक्स बंद पडत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएसकडे आहे का ते जावईबापूंना बघायला सांग.

हे सगळं वहीत लिही. वेळ, कुठली खिडकी थांबली, बॉक्सवरचे दिवे, अपटाइम. फोटोही काढ. तक्रार करताना "नेट सारखं जातं" म्हटलं की ते "रीस्टार्ट करा" म्हणणार. "मंगळवारी ७.४०, ७.५५ आणि ८.१२ ला बॉक्स उत्तर देत होता, बाहेरचं बंद होतं" असं सांगितलंस की समोरचा सरळ बसतो. मी डेस्कच्या त्या बाजूला होते, मला माहीत आहे. प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर घे. तरी दाद लागली नाही, तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्रायच्या, म्हणजे टेलिफोन-इंटरनेट कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या, २०१२ च्या नियमांत ती सोय आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

माझा अंदाज विचारशील तर वायफाय. तुझा बॉक्स लोखंडी कपाटात, चपलांच्या वर, आणि तू दोन भिंतींपलीकडे. संध्याकाळी सगळी सोसायटी घरी येते, तेव्हा वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नुसती जत्रा असते. तिथे एकमेकांना न छेदणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आधी बॉक्स कपाटाबाहेर काढून उंचावर ठेव आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घे. चॅनेल 'ऑटो'वर नको, ३६ ते ४८ मधला धर. ५२ आणि पुढचे बरेच चॅनेल रडारच्या वाट्यातले आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला तिथून उठावं लागतं, आणि ते ऐन तासात झालं तर पुन्हा तेच.

एवढं करून तुटलंच तर राउटर घे. पण महागडा नको. दोन बँडचा, वायफाय ६ चा, गिगाबिट पोर्टवाला साधा राउटर तुमच्या दोन खोल्यांना भरपूर आहे. आणि हे नीट लक्षात घे, कंपनीचा बॉक्स काढून टाकायचा नाही. फायबरचा प्रकाश वाचणारा तोच आहे आणि त्याचा सीरियल नंबर त्यांच्याकडे नोंदलेला असतो. बाजारातला राउटर त्याच्या जागी लावलास तर काहीच चालणार नाही. नवा राउटर त्याच्या पुढे जोडायचा.

त्याच्या दोन रीती. एक, कंपनीला सांगून बॉक्स ब्रिज मोडवर घ्यायचा, म्हणजे तो फक्त प्रकाशाचं भाषांतर करेल आणि बाकी कारभार तुझा राउटर बघेल. त्यासाठी पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीशी लाइन जोडायचं, युजरनेम-पासवर्ड आणि कंपनीने लाइनला दिलेला व्हीलॅन नंबर लागू शकतो, तो आधी लिहून घे, आणि लँडलाइन बंद पडणार नाही ना हेही विचार. दुसरी सोपी. नवा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकायचा, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, तुझ्या कामाच्या टेबलापर्यंत लॅनची तार न्यायची आणि जुन्या बॉक्सचं वायफाय बंद करायचं. मी तुझ्या जागी असते तर हीच केली असती, कुणाची मनधरणी नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेव, म्हणजे टीव्ही, फोन, सगळं आपोआप जोडलं जाईल.

बॉक्सच्या मागे टाचणीएवढं भोक आहे, त्यात काही खुपसू नकोस. तुमच्या शेजारच्या काकांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून ते केलं होतं. सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या आणि माणूस येईपर्यंत चार दिवस घर बंद. बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं.

मंगळवारपासून मोजायला लाग, शनिवारपर्यंत. रविवारी वहीच्या पानाचा फोटो पाठव, मी चष्मा लावून बघते आणि मग दोघी मिळून ठरवू. बाबा तार ओढायला यायला तयार आहेत, त्यांनी क्लिपांची पुडी काढूनही ठेवली आहे. त्या मुलाचा पुढचा तास कधी आहे तेही कळव. तोवर त्याचा तरी तारेवरच घे.

तुझी,
आई