फ्लॅश माणसाच्या तोंडावर नको, भिंतीवर मारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी गणपतीत तुमच्या पेपरात वाचकांच्या घरचे फोटो छापून येतात ते मी एकेक करून बघते, आणि दरवर्षी तेच वाईट वाटतं. आरास सुरेख, माणसं नटूनथटून उभी, पण चेहरे पिठात बुडवून काढल्यासारखे पांढरे, मागे भिंतीवर प्रत्येकाची काळीकुट्ट सावली चिकटलेली, आणि खोलीचा मागचा भाग तर अंधारातच. हे सगळं कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ समोरच्यावर मारल्यामुळे होतं. मी नेरुळला राहते, कॉलेजात असल्यापासून फोटोचा नाद आहे, धंदा म्हणून कधी केलं नाही, पण नात्यातली बारशी, साखरपुडे, साठीशांती असं बरंच काढलंय त्यामुळे हे पत्र लिहायचा थोडा हक्क आहे असं समजते.

सहा वर्षांपूर्वी ठाण्याला नौपाड्यातल्या घरी सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन झालं. मी घरचीच सून, ओवाळायचं, वाढायचं बघणार की फोटो काढणार, म्हणून एका फोटोग्राफरला सांगितलं. त्याच्याकडे चांगला महागातला फ्लॅश होता, डोकं वर-मागे फिरणारा, पण दिवसभर तो सरळच. 81 दिव्यांनी ओवाळलं तेव्हा खोलीत जो उजेड होता तो आम्ही कोणीच विसरणार नाही, आणि फोटोत बघावं तर दिवे विझल्यासारखे, सासूबाईंच्या चष्म्यात दोन पांढरे ठिपके, डोळे दिसतच नाहीत, पैठणीची जर नुसती पांढरी. तीनशेच्या वर फोटो दिले त्याने. पुढे दोन वर्षांनी त्या गेल्या आणि फ्रेम करायला फोटो शोधायला बसलो तेव्हा त्या तीनशेतला एकही चालेना. शेवटी मीच कधीतरी स्वयंपाकघरात काढलेला एक निघाला, त्या भाजी निवडत बसल्या होत्या आणि मी फ्लॅश बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवला होता. त्यात त्या जशा होत्या तशा दिसतात, खिडकीजवळ बसल्यासारख्या. आज हॉलमध्ये तोच आहे.

आता हे असं का होतं ते सांगते, कारण एकदा कारण कळलं की माणूस आपोआप फ्लॅश फिरवतो. फ्लॅशची काच असते काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. एवढ्याशा जागेतून सगळा उजेड सरळ चेहऱ्यावर आला की सावली सुरीने कापल्यासारखी पडते, घाम-तेल चमकतं, आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो म्हणून पुढचा माणूस भाजलेला आणि मागची आजी काळोखात. तोच उजेड छतावर मारला की छताचा चार-पाच फुटांचा पट्टा उजळतो आणि तोच दिवा होतो, पावसाळ्यात ढग आले असताना गॅलरीत चेहरा कसा मऊ दिसतो तसं. आणि आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये छत नऊ-दहा फुटांवर, वर पांढरा रंग, म्हणजे लोक स्टुडिओत मोठी छत्री लावून जे करतात ते आपल्या घरात बांधून ठेवलेलंच आहे की.

फक्त फ्लॅश सरळ वर करून भागत नाही. माणूस जवळ असेल तर उजेड डोक्यावरून खाली पडतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, म्हाताऱ्या माणसांच्या तर फारच. मी फ्लॅशचं डोकं थोडं मागे आणि एका बाजूला वळवते, म्हणजे माझ्या खांद्यावरून मागची भिंत आणि छत जिथे मिळतात तिकडे. मग उजेड समोरून, थोडा वरून, थोडा बाजूने येतो, चेहऱ्याला गोलाई येते, सुरकुत्या दिसतात पण बोचत नाहीत. डोळ्यांत चमक हवी असेल तर फ्लॅशमधलं छोटं पांढरं कार्ड बाहेर काढायचं, नसेल तर लग्नपत्रिकेचा कोरा पांढरा तुकडा रबरबँडने मागे लावायचा, दोन बोटं वर आला तरी पुरतो. आणि पंख्याच्या खाली उभं राहू नका, चॉकलेटी पात्यांवर फ्लॅश गेला की अर्धा उजेड तिथेच खपतो. अजून एक, बारशाला बाळाच्या डोळ्यांवर लख्ख उजेड जात नाही त्यामुळे ते दचकत नाही, आईही खुश.

उजेड वर जाऊन खाली येतो, वाटेत पसरतो, त्यामुळे दोन-तीन स्टॉप कमी पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे फ्लॅशला चौपट ते आठपट काम. म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो तो आकडा, 100 वर अडून बसू नका. मी घरात आयएसओ 800, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ 4, शटर (ते किती वेळ उघडं राहतं) 1/60 सेकंद, फ्लॅश मॅन्युअलवर म्हणजे ताकद हाताने ठरवून पूर्ण ताकदीच्या 1/8 वर, इथून सुरू करते आणि एक फोटो बघून कमी-जास्त करते. सेल चार्जिंगचे, चारचे दोन सेट जवळ हवेतच.

शटर 1/60 मुद्दाम सांगितलं. फ्लॅशचा उजेड क्षणात येऊन जातो, तो ॲपर्चरने सांभाळायचा, पण समई, दिव्यांच्या माळा, खोलीतले दिवे हे शटर उघडं असेपर्यंत आत येत राहतात. शटर 1/200 ठेवलं की समई नुसती पितळेची वस्तू होते, 1/60 किंवा माणसं शांत बसली असतील तर 1/30 ठेवलं की ज्योतीचा पिवळा उजेड देव्हाऱ्यावर दिसतो. सासूबाईंच्या 81 दिव्यांना एवढंच हवं होतं हो.

रंगाचं मात्र बघावं लागतं. खारघरला मैत्रिणीकडे हॉलची एक भिंत पिस्ता रंगाची आहे, तिच्यावर फ्लॅश मारला आणि नवरीमुलगी कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली, मग छताकडे वळवला तेव्हा ठीक झालं. पीओपीतले पिवळे एलईडी लावलेले असतील तर फ्लॅश निळसर आणि खोली पिवळी असा गोंधळ होतो, त्यावर फ्लॅशला नारिंगी जेल कागद, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद लावायचा आणि कॅमेऱ्यात व्हाईट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) बल्बच्या चिन्हावर ठेवायचा, दोन्ही जुळतात.

मंगल कार्यालयात, जिथे छत वीस फुटांवर आणि काळपट, तिथे वर मारून काही उपयोग नाही हे मान्य. तिथे जवळची पांढरी भिंत शोधावी, नाहीतर कोणाला तरी पांढरी चादर ताणून धरायला सांगावी, मी हे दोनदा केलंय आणि छान येतं. मोबाईलवाल्यांनी तर मोबाईलचा फ्लॅश बंदच करावा आणि आजीआजोबांना खिडकीजवळ बसवावं.

फोटोग्राफर मंडळींची बाजूही मला माहितीये. फ्लॅश वर केला की यजमानच म्हणतात अहो तुमचा फ्लॅश वाकडा झालाय, आमच्यावर उजेड पडत नाहीये. मलाही सांगितलंय लोकांनी. एक फोटो काढून स्क्रीनवर दाखवला की परत कोणी विचारत नाही, त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतल्या तरुण फोटोग्राफरांना माझी कळकळीची विनंती आहे, तेवढे दहा सेकंद द्या आणि डोकं फिरवा, फ्लॅश तुमच्याकडे आहेच.

आणि तुम्हाला विनंती अशी की यंदा गणपतीचे फोटो मागवाल तेव्हा त्या चौकटीत फ्लॅश छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवा एवढं एक वाक्य छापा, आणि आरास मोठी असलेल्या फोटोंऐवजी ज्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे नीट दिसतात असे दोन-चार फोटो तरी वरती घ्या.

आपली नम्र,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई