साम्रदच्या मंडळींचे आभार

जानेवारीत भंडारदऱ्याला गेलो होतो. सांदण दरीत पहिलं पाणी ओलांडलं आणि पुढच्या धोंड्यांवर आत्याचा पाय मुरगळला. तिला पाऊलही टेकवेना.

साम्रदचे दोन तरुण वाटाड्ये दुसऱ्याच लोकांना घेऊन पुढे चालले होते. ते तसेच मागे फिरले. एकाने डोक्याचं फडकं सोडून आत्याचा घोटा करकचून बांधला, दुसऱ्याने तिला सरळ पाठीवर घेतलं. धोंडा डगमगतोय का, हे तो आधी अनवाणी पायाने चाचपायचा, मगच भार टाकायचा. कंबरभर गार पाण्यात वर, "मावशी, घट्ट धरा, लाजू नका!" आत्या एवढ्या दुखण्यातही हसली. पैसे पुढे केले तर दोघांनीही हात मागे घेतले. ज्यांना आमच्यापायी कपारीत ताटकळावं लागलं, त्या मंडळींनी एका शब्दाने कुरकुर केली नाही, हेही सांगायला हवं.

गावात एका घरी पडवीत बाज टाकून मिळाली, न मागता कोरा चहा आणि नागलीची भाकरी आली. जीपवाल्या दादांनी घाटघर-शेंडीमार्गे राजूरच्या दवाखान्यात पोचवलं, तेही फक्त डिझेलच्या पैशांत.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि १६४६ मीटरचं कळसूबाई राहूनच गेलं. नावं विचारायचंही गडबडीत राहिलं, म्हणून हे जाहीर आभार. आत्या आता ठणठणीत आहे, आणि पावसाआधी काजवे बघायला पुन्हा तिकडेच जायचं म्हणतेय.