गोळा गोल होता, तरी आस हलला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आईनस्टाईनचा सापेक्षता सिद्धांत तपासणाऱ्या ग्रॅव्हिटी प्रोब बी या उपग्रहावर चार ओळी आल्या होत्या, आईनस्टाईन बरोबर ठरला आणि विषय संपला. वाचून खरंच वाईट वाटलं, कारण त्या प्रयोगातली सांगण्यासारखी गोष्ट नेमकी गाळली गेलीय.

मी कुपवाड एमआयडीसीत 26 वर्षं ग्राइंडिंग आणि इन्स्पेक्शनला काढली. दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत ओव्हॅलिटी, म्हणजे गोलाईतली चूक, आली की आमच्याकडे जॉब फर्स्ट क्लास. या उपग्रहात क्वार्ट्झचे चार गोळे होते, प्रत्येकी 38 मिलिमीटरचे म्हणजे साधारण मोठ्या लिंबाएवढे, आणि त्यांच्या गोलाईतली चूक 10 नॅनोमीटरच्या आसपास, आमच्या दोन मायक्रॉनच्या दोनशेव्या भागाएवढी! वर नायोबियम या धातूचा पातळ थर दिलेला, भोवती द्रवरूप हीलियम, तापमान शून्याखाली 271 अंश. 20 एप्रिल 2004 ला उपग्रह वर गेला, 642 किलोमीटरवर, आणि हे गोळे भोवऱ्यासारखे फिरत ठेवले, त्यांचा आस आयएम पेगासी या ताऱ्याकडे रोखून. पृथ्वीमुळे अवकाश वाकलेलं असेल तर आस वर्षाला सुमारे 6606 मिलीआर्कसेकंद कलायला हवा आणि पृथ्वी फिरताना अवकाशालाही ओढत असेल तर त्याच्या काटकोनात आणखी फक्त 39 मिलीआर्कसेकंद. एका अंशाचे 3600 भाग केले तर त्यातल्या एका भागाचा हजारावा हिस्सा म्हणजे एक मिलीआर्कसेकंद, यावरून अंदाज घ्या.

एवढं करूनही आस हलायचा तो फक्त आईनस्टाईनमुळे हलेना. गोळा आकाराने गोल होता पण विजेच्या दृष्टीने गोल नव्हता. गोळ्याच्या पृष्ठभागावर आणि तो ज्या घरात फिरत होता त्या घराच्या आतल्या बाजूला कुठे थोडा जास्त तर कुठे थोडा कमी विद्युतदाब असे ठिपके-ठिपके होते. प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढले जातात ना, तसलीच ओढ पण अतिशय बारीक, आणि मधली फट मायक्रॉनमध्ये मोजायची, 32 की काय, मग ती ओढ लागणारच. त्याने आसाला पीळ बसायचा. उपग्रह स्वतःभोवती दर 77.5 सेकंदांनी एक फेरी घ्यायचा आणि गोळ्याचा स्वतःचा हळू डोलण्याचा वेग ठराविक पटीत या फेरीशी जुळून आला की आस मधेच सरकायचा, त्यात ते डोलणंही वर्षभर एकसारखं राहिलं नाही, बदलत गेलं.

आता हे सापडलं कसं ते बघा, मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही आहे. मोजणी संपल्यावर शास्त्रज्ञांनी उपग्रहावरची दुर्बीण ठरलेल्या ताऱ्यावरून मुद्दाम बाजूला वळवली. आस आणि उपग्रह यांच्यातला तिरपेपणा जितका वाढला तितका पीळ वाढला, आणि चोर सापडला. आमच्याकडे एकदा एका पिनचं माप सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं यायला लागलं, तीन-चार मायक्रॉनचा फरक, सगळे ऑपरेटरलाच बोलत होते, तो बिचारा रडकुंडीला आलेला. मी पिन अर्धा तास खिडकीच्या उन्हात ठेवली आणि मोजली तर फरक आणखी वाढला, म्हणजे दोष त्या पोराचा नव्हता, उन्हाचा होता. ज्याचा संशय आहे ते मुद्दाम वाढवून बघायचं, ही कारागिराची रीत आहे आणि ती तिथेही चालली याचा मला आनंद वाटतो.

आणखी एक, हा पीळ नेहमी तिरपेपणाच्या काटकोनात बसतो, म्हणून तिरपेपणाच्या दिशेतलं सरकणं स्वच्छ राहतं. ती दिशा वर्षभर फिरत राहते, त्यामुळे त्यांना खरं आणि खोटं वेगळं करता आलं. पण हे सोपं नव्हतं, मोजणी ऑगस्ट 2005 मध्ये संपली आणि निकाल जाहीर झाला मे 2011 मध्ये. मधे पैसेही संपत आले होते. सुमारे 75 कोटी डॉलरचं हे काम, त्याची कल्पनाच 1960 च्या सुमाराची, आणि फ्रान्सिस एव्हरिट या त्यातल्या प्रमुख शास्त्रज्ञाने त्यात आयुष्य घातलं.

निकाल असा, पहिला परिणाम, म्हणजे वाकलेल्या अवकाशाचा, वर्षाला 6601.8 मिलीआर्कसेकंद, चूक अधिक-उणे 18.3. दुसरा, म्हणजे अवकाश ओढलं जाण्याचा, 37.2, चूक अधिक-उणे 7.2, म्हणजे जवळपास 19 टक्के. ठरवलं होतं एक टक्क्यापेक्षाही कमी. त्यांनी हा आकडा लपवला नाही, जशी चूक होती तशी छापली. आपल्याकडची पोरं आयटीआयला जातात, इंजिनिअरिंगला जातात, त्यांना नुसतं "सिद्ध झालं" वाचायला देऊ नका.

पुढच्या रविवारी तेवढं 37.2 च्या पुढे अधिक-उणे 7.2 छापा, आणि ते 7.2 कुठून आलं तेही चार ओळीत सांगा.

आपला,
एक वाचक, कुपवाड, जि. सांगली