आम्ही दोघी वाहतुकीत धरल्याच नव्हत्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरांतील स्त्री-पुरुष विषमतेवरचा कालचा लेख वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. रस्त्यावरचे दिवे, सीसीटीव्ही, महिलांसाठी वेगळा डबा हे सगळं त्यात आलं. ते हवंच. पण दिवसाढवळ्या बाई कुठे जाते, कुणाला सोबत घेऊन आणि किती बस बदलून, यावर लेखात एक ओळ नाही!

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने माझा रोजचा क्रम ठरलेला होता. मुलीला शाळेत सोडायचं, घरी येऊन सासूबाईंना फिजिओथेरपीला न्यायचं, त्यांना परत आणून मग कामावर. पास एकाच मार्गाचा, त्यामुळे बाकी प्रत्येक बसला वेगळं तिकीट. नवऱ्याचं मात्र घर ते ऑफिस, एक बस, एक पास. वेळापत्रकं त्याच्याच प्रवासासाठी आखलेली. रुग्णालय समोर दिसायचं, पण रस्ता ओलांडायला पादचारी पुलाशिवाय मार्ग नाही. सासूबाई प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढायच्या. एकदा अर्ध्यावर खालीच बसल्या. म्हणाल्या, "तू जा गं कामावर, तुझा खाडा होईल." सिग्नलसाठी मी तीन अर्ज केले. उत्तर एकदाच आलं : वाहतूक खोळंबेल. म्हणजे जिन्यावर बसलेल्या आम्ही दोघी वाहतुकीत धरल्याच नव्हत्या.

स्वीडनमधल्या कार्लस्कोगा शहरात पूर्वी आधी मोठ्या रस्त्यांवरचं बर्फ काढत आणि पदपथांचं नंतर. मोटारीने जाणाऱ्यांत पुरुष जास्त, पायी जाणाऱ्यांत बायका जास्त, हे ध्यानात आल्यावर पदपथ आणि पाळणाघरांकडचे रस्ते आधी मोकळे होऊ लागले. व्हिएन्नात मुली साधारण दहाव्या वर्षानंतर उद्यानांत दिसेनाशा होतात, हे पाहणीत कळलं आणि १९९९पासून काही उद्यानांची रचनाच बदलली गेली. तिथे कुणीतरी बायका-मुलींची मोजदाद केली. आमच्याकडे फक्त गाड्या मोजतात.

आणखी एक. लेखात पाच तज्ज्ञांची मतं आहेत, पाचही पुरुषांची. या विषयावर बोलायला एकही बाई आपल्याला सापडू नये, याचं फार वाईट वाटलं.

तो पूल अजून तसाच आहे. सासूबाईंनी रस्त्याच्या त्या बाजूला जाणंच सोडलं आहे.

आपली,
एक नियमित वाचक