जुन्या लेथचे सुटे भाग आपल्याच जिल्ह्यात घडू शकतात

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात कुपवाडच्या बाजूला एका भंगाराच्या वखारीत मी शाफ्टिंगचा तुकडा शोधत होतो. तेव्हा एका कोपऱ्यात बांधणीच्या तारेत ओवलेले अकरा चेंज गिअर (धातू फिरवत कापणाऱ्या लेथ या यंत्रावर आट्यांचे माप बदलण्यासाठी लावायची दातेरी चाके) मला दिसले. रॉकेलच्या फडक्याने पुसून एकेक दात पाहिला, तर एकही दात तुटलेला नव्हता की फारसा झिजलेलाही नव्हता. चौकशी केल्यावर वखारवाल्याने सांगितले, की ज्या लेथचे हे गिअर होते त्याचा बेड (तळाचा पाया) आणि हेडस्टॉक (स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, धरणारा भाग) आदल्याच आठवड्यात घणाने फोडून फौंड्रीकडे पाठवला. मूळ मालकाने तो लेथ विकला, कारण त्याचा चक (काम पकडून धरणारा जबडा) खराब झाला होता आणि नव्या चकसाठी त्या स्पिंडलच्या आट्यांची बॅकप्लेट (चक स्पिंडलवर बसवणारी तबकडी) बाजारात मिळेना. बिडाच्या चार-पाच किलोंच्या एका तबकडीपायी उत्तम स्थितीतला एक यंत्रराज वजनावर गेला, याचे मला अजून वाईट वाटते. त्याच अस्वस्थतेतून हे पत्र लिहीत आहे.

मी सांगलीत छत्तीस वर्षे लेथवर काम करतो आहे. पंपाचे शाफ्ट, द्राक्षबागेच्या ब्लोअरच्या बुश, रसवंतीच्या चरकाचे रोल, अशी रोजची कामे आमच्यासारख्या लहान वर्कशॉपमध्ये होतात आणि त्यांतली बरीचशी आजही पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लेथवर होतात. ही यंत्रे जुनी आहेत म्हणून टाकाऊ ठरत नाहीत. उलट, जुन्या बिडाच्या ओतीव कामातले अंतर्गत ताण काळाच्या ओघात निवळलेले असतात. त्यामुळे असा बेड एकदा स्क्रेप करून (खरवडून) सरळ केला, की तो पुन्हा सहसा वाकत नाही. अडचण येते ती सुट्या भागांची. हरिहरला १९४१ साली सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ आपल्या भागात घरोघर म्हणावे इतके पसरले, पण तो कारखाना बंद पडून दोन दशके उलटली. बटाला, राजकोट किंवा कोइम्बतूरहून आलेल्या कित्येक लेथवर बनवणाऱ्याची पाटीही उरलेली नाही. विलायती यंत्रांचे भाग परदेशातून मागवावेत, तर टपाल आणि जकातीची भर पडून लहान वर्कशॉपच्या आवाक्याबाहेर जातात.

तरीही हे भाग इथे घडू शकतात, असे मी अनुभवावरून ठामपणे म्हणतो. औंध संस्थानाच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी उभी केली आणि साताऱ्यात १९२२ साली धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला, तेव्हापासून ओतकाम, पॅटर्न (साच्यासाठीचा लाकडी नमुना) आणि टर्निंगचे हात या दोन्ही जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले आहेत. शेजारी कोल्हापूरला तर फौंड्रीच फौंड्री आहेत. उणीव आहे ती मापांच्या नोंदीची. ही उणीव किती महागात पडते, हे माझ्याच एका प्रसंगावरून सांगतो.

माझ्याकडे एका प्रयोगशाळेच्या लिलावात घेतलेला मायफर्ड एमएल-७ हा लहान लेथ आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनला बनलेल्या या लेथचा ६० दातांचा चेंज गिअर हरवलेला होता. मी शेजारचा एक गिअर नमुना म्हणून दिला आणि एका वर्कशॉपकडून ६० दातांचा गिअर करून घेतला. त्यांनी दाताला दात लावून पाहिला, जवळचा कटर म्हणून १.२५ मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचे मिलिमीटरमधले माप) कटर लावला आणि गिअर दिला. बसवल्यावर तो पहिल्या दिवसापासून किंचाळत होता. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या जोडीच्या मूळ गिअरचे दोन दात गेले. नवा गिअर चुकला याचे दुःख कमी होते, सत्तर वर्षे टिकलेला गिअर त्याच्यामुळे गेला याचे जास्त होते.

चूक कुठे झाली ते पुढे मोजमाप केल्यावर कळले. या लेथचे गिअर २० डीपीचे (डीपी हे दाताच्या आकाराचे इंचातले माप), म्हणजे १.२७ मॉड्यूलचे आहेत आणि दाताचा दाबकोन, म्हणजे दाताच्या बाजूचा तिरकसपणा, साडेचौदा अंशांचा आहे. आज बाजारात सहज मिळणारे कटर मॉड्यूलचे आणि २० अंशांचे असतात. १.२५ आणि १.२७ यांतला फरक कागदावर नगण्य वाटतो. पण ६० दातांच्या २० डीपी गिअरचा बाहेरचा व्यास ७८.७४ मिलिमीटर भरतो आणि १.२५ मॉड्यूलच्या गिअरचा ७७.५० मिलिमीटर, म्हणजे सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो. दाताच्या बाकाचा आकार जुळत नाही तो वेगळाच. वास्तविक हे ताडून पाहायला व्हर्निअर पुरे होता: गिअरचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजावा, दात मोजून त्यांत दोन मिळवावेत आणि व्यासाला त्या संख्येने भागावे, म्हणजे मॉड्यूल हाती येते. उत्तर १.२७, १.५९ किंवा १.८१ च्या आसपास आले, तर गिअर अनुक्रमे २०, १६ किंवा १४ डीपीचा आहे हे समजावे आणि मॉड्यूल कटरच्या नादी लागू नये. दुसऱ्या वेळी मी स्वतः २० डीपी, साडेचौदा अंशांचा दोन नंबरचा कटर मिळवला (हा एकच कटर ५५ पासून १३४ दातांपर्यंत चालतो) आणि डिव्हायडिंग हेडवर (गोलाचे समान भाग पाडणाऱ्या साधनावर) गिअर कापला. तो आज निमूटपणे चालतो आहे.

इंचाच्या लीड स्क्रूवर (आटे पाडताना टूलला पुढे नेणाऱ्या स्क्रूवर) मेट्रिक आटे पाडण्याचा प्रश्नही याच जातीचा आहे. माझ्या लीड स्क्रूला इंचाला ८ आटे आहेत. त्यावर दीड मिलिमीटरचा आटा अचूक पाडायचा तर ६० आणि १२७ दातांची जोडी लागते. १२७ ही मूळ संख्या असल्याने तिला दुसरी फोड नाही आणि साध्या डिव्हायडिंग हेडच्या प्लेटवर तो गिअर कापताही येत नाही, त्यासाठी डिफरन्शियल इंडेक्सिंग (प्लेटही गिअरने फिरवून भाग पाडण्याची पद्धत) लागते. ज्यांच्याकडे १२७ नाही त्यांनी निराश होऊ नये. ६३ दातांचा एक गिअर करून घ्यावा. चालवणारे गिअर ३० आणि ६३, चालणारे ५० आणि ८० असे लावल्यास दीड मिलिमीटरचाच आटा पडतो आणि १०० मिलिमीटर लांबीत चूक जेमतेम ०.०१२५ मिलिमीटरची राहते. शेतीच्या अवजारांच्या नट-बोल्टांना ही चूक कधीच जाणवत नाही.

आता त्या बॅकप्लेटविषयी, कारण तिच्यावाचूनच सर्वांत जास्त लेथ भंगारात जातात. जुन्या इंग्लिश लेथच्या स्पिंडल नोजला (स्पिंडलच्या पुढच्या टोकाला) बहुधा व्हिटवर्थचे ५५ अंशांचे आटे असतात आणि आपल्याकडे टूल सवयीने ६० अंशांचे घासले जाते, ही पहिली चूक. चकचे केंद्र आट्यांवर धरले जाते असा समज ही दुसरी. आटे फक्त ओढून धरतात. प्लेट सरळ बसते ती आट्यांमागच्या साध्या गोल भागावर आणि खांद्यावर, म्हणून त्या दोन जागा मायक्रोमीटरने जुळवाव्या लागतात. तिसरी अडचण प्रत्यक्ष कामातली आहे. त्याच लेथवर बॅकप्लेट करायची, तर तिचे आटे पाडताना स्पिंडलवर चक चढलेला असतो, मग प्लेट आपल्याच नोजवर लावून बघणार कशी? माझ्या उस्तादांनी शिकवलेला उपाय असा: आधी दोन सेंटरमध्ये धरून नोजची हुबेहूब प्रतिकृती, म्हणजे प्लग, करून घ्यावा आणि प्लेटचे आटे त्या प्लगवर जुळवावेत. मग प्लेट स्वतःच्या नोजवर चढवावी आणि चक बसण्याची पायरी तिथेच, जागेवर फेस करावी (सपाट कापावी). अशा प्लेटवर चढवलेला चक सुईइतकाही हलत नाही. माझ्या कपाटात असे पाच प्लग ग्रीस लावून, कागदात गुंडाळून ठेवले आहेत आणि प्रत्येकावर तो कोणत्या लेथचा आहे हे पंचने कोरले आहे.

क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवे सरकवणाऱ्या भागाच्या) नटाचे काम त्यामानाने सोपे आहे. गनमेटलचा तुकडा घ्यावा, डाव्या अ‍ॅक्मे (चपट्या माथ्याच्या) आट्यांचा टॅप (आतले आटे कापणारे हत्यार) बाजारात सहसा मिळत नाही म्हणून सिल्व्हर स्टील या पोलादातून स्वतः टॅप करावा आणि पाणी देऊन कडक केल्यावर तो पुन्हा मंद तापवून फिकट पिवळ्या रंगापर्यंत उतरवावा. मात्र स्क्रू मधोमध झिजलेला असेल, तर नवा नट मधल्या भागात सैल आणि टोकांना घट्ट जाणार. त्यासाठी स्क्रूही नवा करावा लागतो.

ओतकामाच्या भागांत, म्हणजे स्टेडी (लांब कामाला आधार देणारा भाग), फेसप्लेट (काम बांधायची चपटी तबकडी), गिअरचे कव्हर यांत, खरी कोंडी नगाची आहे. मोठी फौंड्री एका नगासाठी साचा भरत नाही आणि त्यात तिचा दोष नाही. लहान फौंड्रीवाला मात्र पंपाच्या केसिंगचे साचे ओतताना आपली एखादी पेटी शेजारी बसवून देतो, अट एवढीच की आपण नीट पॅटर्न घेऊन जायला हवे. बीड निवताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते, मशिनिंगसाठी वर तीनएक मिलिमीटर ठेवावे लागतात आणि साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. हे जाणणारे पॅटर्नचे सुतार आता मोजकेच उरले आहेत. स्टेडीच्या एका सागवानी पॅटर्नला मी जो खर्च केला, तो एका नगासाठी परवडणारा नव्हता. पुढे तसलाच लेथ असलेल्या आणखी चौघांनी त्याच पॅटर्नवरून ओतीव घेतले, तेव्हा तो खर्च कोणालाच जड गेला नाही. माझ्या म्हणण्याचे सारे मूळ या अनुभवात आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा गावभाग आणि वखारभागातली कितीतरी लहान वर्कशॉप पाण्याखाली गेली. पाणी उतरल्यावर एप्रनमध्ये, हाफ नटात, गिअरबॉक्समध्ये चिखल घट्ट बसलेला होता. ज्यांनी लगेच खोलून, डिझेलने धुऊन, तेल घालून ठेवले त्यांचे लेथ आजही चालू आहेत. ज्यांचा एखादा भाग गंजून जाम झाला आणि तो फोडावा लागला, त्यांना दुसरा मिळाला नाही आणि ती यंत्रे पुढच्या वर्ष-दोन वर्षांत वजनावर गेली. बेडवरचा गंज कागदाइतका पातळ होता. नट, बुश, गिअर यांची मापे कोणाकडे तरी लिहिलेली असती, तर त्यांतले निम्मे तरी लेथ वाचले असते, असे माझे मत आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये टर्नर आणि मशिनिस्टची मुले वर्षभर सरावाचे तुकडे टर्न करतात आणि ते तुकडे शेवटी भंगारात जातात. त्याऐवजी त्यांना एखाद्या चालू जुन्या लेथची बॅकप्लेट, नट किंवा गिअर मोजून त्याचे रेखाचित्र करायला लावावे आणि ती रेखाचित्रे एका कपाटात जपावीत. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या १९४७ पासूनच्या संस्थेकडे मोजमापाची उत्तम साधने आहेत, दाबकोन आणि आट्यांचे कोन तपासण्याचे काम तिथले विद्यार्थी हसतखेळत करतील. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतील कारखानदारांच्या संघटनांनी पॅटर्न ठेवायला एक कोरडी, वाळवी न लागणारी खोली दिली, तरी पुरे आहे. आणि लेथ विकणाऱ्या प्रत्येकाला कळकळीचे सांगणे, की चेंज गिअर, स्टेडी, फेसप्लेट, चकच्या चाव्या हे सारे लेथबरोबरच, एका पेटीत घालून द्यावे. एकदा ते वेगळे झाले, की कोणता भाग कोणत्या यंत्राचा हे सांगणारा माणूस पुन्हा भेटत नाही.

माझ्याकडची मापांची वही, ते पाच प्लग आणि स्टेडीचा सागवानी पॅटर्न मी अशा संस्थेला विनामूल्य द्यायला तयार आहे. वखारीतले ते अकरा गिअर मी विकत आणले आहेत. ते १६ डीपीचे आहेत आणि त्यांत ३५ व ५५ दातांचे गिअर नाहीत. कोणाच्या लेथला ते जुळत असतील, तर त्यांनी आपल्या दैनिकामार्फत कळवावे, मी ते पोहोचते करीन.

आपला विश्वासू,
एक टर्नर, सांगली