"सदस्यांनी समाधान व्यक्त केले": नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहते. मिरची कांडपाचा डंक चालवते आणि शहराच्या जुन्या पेठांसाठी नेमलेल्या नागरिक सल्लागार समितीची सदस्य आहे. समिती कुठल्या कार्यालयानं नेमली ते नाव इथं लिहीत नाही, कारण मला याच गल्लीत राहायचं आहे. आपण एक फोन केलात तर कळेलच.

गेल्या आठवड्यात मागच्या बैठकीचं इतिवृत्त हातात पडलं. विषय क्रमांक 4 पुढं लिहिलंय, "पेठेतील ड्रेनेज लाईनच्या कामाबाबत चर्चा झाली. सदस्यांनी समाधान व्यक्त केले." साहेब, त्या विषयावर बोलणारी सदस्य मी एकटीच होते. मी जे काही व्यक्त केलं त्याला समाधान म्हणायला चहा आणून देणारा पोरगासुद्धा धजणार नाही.

झालं असं. थंडीतल्या बैठकीत आम्हांला शब्द दिला होता की खुदाई शिमग्याच्या आधी उरकू, एका वेळी रस्त्याची एकच बाजू उकरू, आणि आठ दिवस आधी दारोदार नोटीस लावू. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत एवढंच. शिमगा गेला, पाडवा गेला, आणि ऐन चटणीच्या दिवसांत एका सकाळी जेसीबी दारात. नोटीस नाही, पाटी नाही. दोन्ही बाजू एकदम उकरल्या. कंबरेएवढी चर, त्यावर एक फळी, आणि ठेकेदाराचा माणूस म्हणतो, "मावशी, जपून या."

आपण मुंबईत असता म्हणून सांगते. कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. संकेश्वरी, ब्याडगी आणायची, देठं काढायची, कडक उन्हात वाळवायची, खोबरं-तीळ-धने-लसूण सगळं घरात भाजून-निवडून डब्यातून डंकावर आणायचं. बायका नंबर लावतात आणि आपली चटणी कुटून होईपर्यंत समोर बसून राहतात, कारण दुसऱ्याची मिरची आपल्यात मिसळलेली कुणालाच चालत नाही. माझी वर्षाची कमाई त्या अडीच-तीन महिन्यांची. बाकीचे महिने डंक जवळजवळ झाकूनच असतो. आता सांगा, सत्तरीतली बाई पाच किलोचा डबा घेऊन त्या फळीवरून येईल? नाही येत. ती रिक्षा करून राजारामपुरीला जाते. एकदा गिऱ्हाईक तिकडं लागलं की पुढच्या उन्हाळ्यालाही तिकडंच जातं.

धूळ तर विचारूच नका. गच्चीवर चादरी टाकून वाळत घातलेल्या मिरचीवर मुरमाची लाल धूळ बसते. रंगाला रंग मिळतो, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. कळतं ते दाताखाली कचकच झाली की. एका जुन्या गिऱ्हाइकानं सबंध चटणी परत आणून दिली. माझ्या अन्नात माती कालवली म्हणायची तरी सोय राहिली नाही, ती लोकांच्या अन्नात गेली. यंत्रासाठी बचत गटाचं कर्ज काढलंय. हप्ता चर बघून थांबत नाही. मालकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकललंय, आणि ते घरात बसून मलाच विचारतात, "तू समितीत आहेस ना?"

आहे ना. कशी आहे तेही ऐका.

नोव्हेंबर 2020 ला शहराच्या सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षांवर प्रशासकाचा कारभार चालला. नगरसेवक नाहीत, निदान नागरिकांचं ऐकून घ्यावं, म्हणून ही समिती निघाली. हेतू चांगला होता. सदस्य मात्र शिफारशीच्या चिठ्ठीवर घेतले. तीन जण एकाच तालमीचे (आमच्याकडं तालीम म्हणजे पेठेतलं मंडळच), दोघं एका पुढाऱ्याचे पाहुणे, आणि यादीत बाई एकही नाही हे शेवटच्या दिवशी कुणाच्या तरी ध्यानात आलं, म्हणून मी. बैठक सकाळी साडेअकराला. ज्याचं दुकान आहे, ज्याची नोकरी आहे, त्यानं यायचंच नाही अशी ती वेळ. विषयपत्रिका खुर्चीवर बसल्यावर मिळते. गेल्या गेल्या रजिस्टरवर सही घेतात, मग मोठे साहेब "मिटींगमध्ये" असतात आणि त्यांच्या जागी येतो तो कनिष्ठ अभियंता. बिचारा सगळं वहीत उतरवून घेतो आणि "वर कळवतो" म्हणतो. वर म्हणजे कुठं, हे आजवर कळलेलं नाही. पुढच्या बैठकीला अभियंता नवीन असतो. वहीसुद्धा नवीन.

इतिवृत्त कोण लिहितं, कधी लिहितं, हे देवालाच ठाऊक. आमची सही बैठकीच्या आधीच झालेली असते, त्यामुळं खाली काहीही लिहा, हजर सदस्यांच्या सह्या तयारच. मी दुरुस्तीचा अर्ज दिला. उत्तर आलं, समिती केवळ सल्लागार स्वरूपाची असल्यानं तिच्या इतिवृत्तात दुरुस्तीची तरतूद नाही. म्हणजे सल्ला द्यायचा आम्ही आणि आम्ही काय सल्ला दिला ते ठरवायचं त्यांनी.

आता कुणी म्हणेल, बाई, सभागृह आलंय आता. आलंय. जानेवारी 2026 ला मतदान झालं, 20 प्रभागांतून 81 नगरसेवक निवडून आले. चार-चार नगरसेवकांचा एक प्रभाग, एक तेवढा पाच जणांचा. पाण्यासाठी एकाकडं गेलं तर ते दुसऱ्याच्या वाट्याला, गटारीसाठी दुसऱ्याकडं गेलं तर तो तिसऱ्याचं नाव सांगतो, आणि चौथा लग्नाला गेलेला असतो. जिथं चौघं जबाबदार तिथं कुणालाच धरता येत नाही. ही चार जणांची भानगड मतदारानं मागितली नव्हती, ती तुमच्याकडनं आली.

कायदा नाही असंही नाही. 74 वी घटनादुरुस्ती 1992 ची. तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या पाहिजेत असं त्यात आहे. आपल्या महानगरपालिका कायद्याच्या कलम 29अ मध्ये त्या समितीवर नागरी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घ्यायची सोय आहे. 2009 ला क्षेत्र सभा आली, म्हणजे शहरातल्या मतदारांची ग्रामसभाच म्हणा. आमच्या पेठेत अशी सभा भरलेली मी तरी बघितली नाही, आणि मी काही काल पेठेत आले नाही. कोल्हापूरची वस्ती 2011 च्या जनगणनेत साडेपाच लाखाला थोडी कमी होती. आता सात असेल, आठ असेल, 2021 ची जनगणना झालीच नाही तर कोण सांगणार? एवढ्या माणसांनी बोलायचं कुठं?

हद्दवाढीचं तर मला हसूच येतं. 1972 ला महानगरपालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द एक इंच सरकली नाही. गावं यायला तयार नाहीत, म्हणून 2017 ला 42 गावांसाठी वेगळं विकास प्राधिकरण काढलं. शहरातले लोक गावांना नावं ठेवतात. मी म्हणते, का यावं त्यांनी? गावात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. माईक हातात घेऊन सरपंचाला चारचौघांत विचारता येतं. शहरात आले की घरफाळा वाढणार आणि तोंड बंद होणार. माझी नणंद शहराला लागूनच असलेल्या गावात राहते. तिच्या गावाची गटार माझ्या गटारीपेक्षा बरी आहे. चिडून लिहितेय असं वाटेल, पण येऊन बघा.

आणि पैसा नाही हे तर सांगूच नका. मे 2025 ला चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिराच्या आराखड्याला 1,445 कोटी मंजूर झाले. अंबाबाईचं भलंच होऊ दे, ती आमची आई आहे. पण महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोड, जोतिबा रोड, बिनखांबी गणेश मंदिर, या सगळ्या भागातली घरं-दुकानं त्या आराखड्याकडं जीव मुठीत धरून बघतायत. आमच्या समितीचा भाग तोच. समितीपुढं आराखडा आला का? त्याची रंगीत चित्रं मला मोबाईलवर बघायला मिळाली, तीही कुणीतरी 'शुभ सकाळ'बरोबर पाठवलेली.

या शहराचं कधी ऐकलं जातं, हे तुम्हांलाही माहीत आहे. रस्त्यावर उतरलं की. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल गेला तो समितीच्या खोलीत चहा पिऊन नाही गेला. एन. डी. पाटील सरांसारखा म्हातारा माणूस उन्हात रस्त्यावर बसला, सगळी पेठ त्यांच्या मागं बसली, आणि 2016 ला टोल कायमचा उठला. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं 2025 च्या ऑगस्टात सुरू झालं, त्याआधी वकिलांची चाळीस वर्षं आंदोलनात गेली. म्हणजे दहा-वीस-चाळीस वर्षं ओरडायचं, मग ऐकायचं, हीच तुमची पद्धत असेल तर सल्लागार समितीवर कागद तरी का घालवता? मला तर शंका येते की रस्त्यावर येणारी माणसं खुर्चीवर बसवून दमवायची, एवढ्यासाठीच ती काढली. खुर्ची मऊ आहे, हे खरं आहे.

माझं मागणं फार नाही. समितीनं लेखी सल्ला दिला की तीस दिवसांत लेखी उत्तर द्या. मान्य असेल तर काम कधी होणार त्याची तारीख, अमान्य असेल तर कारण आणि खाली अधिकाऱ्याचं नाव. "नोंद घेतली" हे उत्तर धरायचं नाही. इतिवृत्त खोलीतनं उठायच्या आधी लिहून, मोठ्यानं वाचून दाखवा आणि मगच सह्या घ्या. शब्द देणारा अधिकारी बदलून गेला तरी शब्द कार्यालयाचा धरा. पेठेत खुदाईचा आदेश निघायच्या आधी तो समितीपुढं ठेवा. बैठक संध्याकाळी सातला घ्या आणि दार उघडं ठेवा. दार उघडं आहे की बंद, हे तर तुम्ही आपणहून सांगायचं आहे. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 मध्येच आहे की कुठल्या समित्या आहेत, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का, हे कार्यालयानं न मागता जाहीर करायचं. वीस वर्षं झाली त्या कायद्याला. सदस्य चिठ्ठीवर न घेता पेठेतल्या लोकांनी सुचवून घ्यावेत असंही मला वाटतं, पण त्यावर तालमी-तालमींत भांडणं होतील. होऊ देत. निदान ती उघड होतील.

यासाठी नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरे. तुमच्या खात्यातनं असे निर्णय रोज निघतात, काही तर रात्रीतनं निघतात.

उत्तर लेखी द्यावं. फोन करू नये, फोनचं इतिवृत्त कोण लिहिणार हा पुन्हा प्रश्न येतो.

आपली,
मंगळवार पेठेतली एक डंकवाली
(सदस्य, असमाधानी)

ता. क. हे वाचून समजूत घालायला कुणाला घरी पाठवायचं असेल तर त्यांना सांगा, गाडी चौकातच लावावी लागेल. पुढं चर आहे, आणि फळी परवा कुणीतरी उचलून नेली.