बाबा, पत्रिका आणा पण बॅगेतच राहू द्या

प्रिय आई, बाबा,

प्रभूमधे सलाम. फोनवर हा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो आणि मग माझा पण, म्हणून लिहितेय. आई, तू वाचून दाखव, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत त्यांना मोबाईल देऊ नकोस.

ऐरोलीला येताना बाबा सुवार्तेच्या, म्हणजे येशूचा संदेश सांगणाऱ्या, पत्रिकांचा गठ्ठा आणणार, सोसायटीत दारोदार वाटणार आणि हॉस्पिटलमधे बाजूच्या पेशंटच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना पण करणार, असं कळलं. बाबा, घटनेने हक्क दिलाय म्हणता. दिलाय की. कलम 25 मधे धर्म पाळण्याबरोबर प्रसार करायचं पण स्वातंत्र्य आहे, 1948 च्या डिसेंबरात घटना समितीत त्या शब्दाला विरोध झाला तरी तो राहिला. पण 1977 मधे धर्मांतरविरोधी कायद्यांवरच्या स्टॅनिस्लॉस केसमधे सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं हा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा हक्क नाही, कारण सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य समोरच्याला पण तेवढंच आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो निकाल आवडत नाही, मला पण सगळा पटत नाही, पण हा भाग पटतो.

हल्लीचं वातावरण बघून घाबरली असं वाटेल तुम्हाला. थोडी भीती आहेच, खोटं कशाला बोलू, पण कारण ते नाही.

आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे दरवर्षी सत्यनारायण असतो. मी प्रसाद खात नाही हे त्यांना माहितीये, तर त्या पूजेला न ठेवलेलं एक केळं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात आणि वर म्हणतात, हे तुझं, यावर काही नाही केलेलं. मला नाही म्हणता येतं आणि नंतर त्यांच्याकडे चहाला पण बसता येतं. आता तुम्ही त्यांच्या हातात पत्रिका दिलीत तर भिडेखातर घेतील हो त्या, पण नको म्हणायची सोय त्यांना राहिली का? आणि ऑपरेशनला घाबरलेला, डोळ्यावर पट्टी बांधलेला माणूस तर काय बोलणार.

आई, तुला राग येईल, पण नगरला भांड्याला येणाऱ्या मावशींना तू पोरीच्या फीसाठी उचल दिलीस आणि त्याच हाताने नवा करार दिलास आणि रविवारी चर्चला ये म्हणालीस. तुझं मन साफ आहे, मला माहितीये. पण त्या आल्या त्या कशासाठी आल्या हे तुला कधी कळणार? पैसे दे, शंभरदा दे, फक्त त्या दिवशी दुसरं काही देऊ नको. हे माझं शहाणपण नाही, 2011 मधे जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकन आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना अशा तिघांनी मिळून सुवार्ता कशी सांगावी याबद्दल शिफारशी काढल्या, त्यात हेच आहे, मदतीच्या बदल्यात आमिष नको, गरिबी आणि आजारपणाचा फायदा नको. एरवी एकमेकांशी न पटणारी ही मंडळी यावर एक झाली म्हणजे बघा.

आणि बाबा, तुमचे लाडके टिळक घ्या. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपला हिंदू धर्म धरून राहिल्या आणि बऱ्याच काळाने स्वतःच्या मनाने ख्रिस्ताकडे आल्या. शास्त्रात येशू सगळं विकून माझ्यामागे ये म्हणतो तेव्हा तो श्रीमंत तरुण पण खिन्न होऊन निघून जातो ना, येशूची त्याच्यावर प्रीती होती तरी येशू त्याच्यामागे धावला नाही.

मी गप्प बसा म्हणत नाहीये. मागच्या नाताळात सेक्रेटरींना विचारून आपल्या संडे स्कूलच्या पोरांनी पार्किंगमधे गाणी म्हटली, ज्यांना ऐकायची ते खाली आले, बाकीच्यांनी टीव्ही बघितला. काकूंनी नंतर मला स्वतःहून विचारलं की तुमच्यात मेल्यानंतर काय मानतात, यजमान गेल्यापासून त्यांच्या मनात ते चालूच असतं. मला जमेल तेवढं सांगितलं. तुम्ही आलात की त्या तुम्हाला पण विचारतील बहुतेक, मी तुमचं नाव सांगून ठेवलंय. तेव्हा पुनरुत्थानापासून सगळं सांगा, कितीही वेळ घ्या, फक्त आधी त्यांचं ऐकून घ्या.

जुन्या चष्म्याचा नंबर आणि शुगरचे रिपोर्ट विसरू नका, डॉक्टर पहिल्यांदा तेच मागणारेत. एसटीने येऊ नका, मी गाडी पाठवते.

तुमची,
बेबी